गर्भ टिकेल ना? पहिल्या तीन महिन्यांच्या भीतीसाठी पायरीपायरीने करायच्या गोष्टी

पाळी चुकते, घरच्या चाचणीत दोन रेघा उमटतात आणि त्या दिवसापासून बाईच्या डोक्यात एकच प्रश्न घर करतो: टिकेल ना? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, इकडे हल्याळ-कारवार, तिकडे भालकी, सीमाभागातल्या कुठल्याही मराठी घरात हा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. त्याच्या जागी सूचना येतात. जिना चढू नको, स्कूटीवर बसू नको, पपई नको, तिळाचा लाडू नको, तीन महिने कुणाला सांगू नको. सांगणाऱ्यांचा जीव असतो तुमच्यावर, यात शंका नाही. पण यातल्या बऱ्याच सूचना पाळूनही गर्भ पडतो आणि न पाळूनही टिकतो. ज्या मोजक्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो, त्या मात्र या यादीत क्वचितच असतात. मिश्री सोड, असं किती घरांत सांगितलं जातं? तुझा रक्तगट कुठला, हे कोण विचारतं?

काळजी करू नका, असं मी म्हणणार नाही. ती होणारच. ती कुठे कामी येते आणि कुठे नुसती जाळते, एवढं नीट वेगळं करून सांगायचा हा प्रयत्न आहे.

पहिली पायरी: गर्भ का पडतो, हे आधी समजून घ्या

दिवस गेल्याचं नक्की झालेल्या १०० बायकांपैकी साधारण १० ते २० जणींचा गर्भ आपोआप पडतो. आकडा लहान नाही. तुमच्या गल्लीत, नात्यात, ज्यांना दोन-तीन धडधाकट मुलं आहेत अशा कित्येक बायकांचं मध्ये एखादं पडलेलं असतं; त्या बोललेल्या नसतात, इतकंच. पडणाऱ्या दहा गर्भांपैकी सुमारे आठ पहिल्या १२ आठवड्यांतच पडतात. आणि या लवकर पडणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत, कधी त्याहून जास्त वेळा, कारण गुणसूत्रांचं असतं. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना, किंवा ते एकत्र येताना, गुणसूत्रांची संख्या चुकते, आणि असा गर्भ ठरावीक टप्प्यापुढे वाढूच शकत नाही. ही चूक बहुतेक वेळा योगायोगाची असते. तिथे कुणाचं पाऊल वाकडं पडलेलं नसतं.

आता एक गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येक सासरी सांगायला हवी. पहिल्या तिमाहीत रक्त जायला लागतं तेव्हा गर्भाची वाढ बऱ्याचदा त्याच्या कितीतरी दिवस, कधी दोन-तीन आठवडे, आधीच थांबलेली असते. सून रविवारी भांगलायला गेली आणि मंगळवारी रक्त गेलं, की सगळं घर रविवारकडे बोट दाखवतं. सोनोग्राफीत मात्र दिसतं की नऊ आठवडे झाले असताना गर्भाचं माप साडेसहा आठवड्यांचं आहे. म्हणजे रविवारच्या कितीतरी आधी ते थांबलं होतं. भांगलण, बसचा धक्का, वर हात करून काढलेला डबा, नवऱ्याशी झालेलं भांडण यांना दोष देऊन एखाद्या बाईला आयुष्यभर टोचणी लावली जाते, आणि ती टोचणी खोटी असते.

वयाचा परिणाम मात्र खरा आहे. विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला हा धोका १०० मध्ये ९ ते १७ असतो, ३५ च्या सुमारास २० च्या आसपास जातो आणि चाळिशीला ४० पर्यंत. म्हणून पस्तिशीनंतर दिवस गेले असतील तर पहिली तपासणी लांबवू नका.

आणि दिलासा देणारा आकडा हा: आठव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत हृदयाचे ठोके नीट दिसले आणि रक्तस्राव नसेल, तर त्यापुढे गर्भ पडण्याचा धोका शंभरात दोन-तीनच्या आसपास उरतो. आधी पडलेलं असेल किंवा वय जास्त असेल तर तो थोडा अधिक, पण उतरता हे नक्की.

दुसरी पायरी: तारीख, कार्ड आणि फोलिक ॲसिड

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा. आठवडे तिथून मोजतात, चाचणीच्या दिवसापासून नाही. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा, कारण नऊ आठवड्यांच्या हिशेबाने गेलेल्या बाईला सात आठवड्यांचा गर्भ दिसला, तर दर वेळी त्याचा अर्थ वाईट नसतो. दिवस उशिरा राहिलेले असू शकतात.

गावातल्या आशा ताईंना किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना लगेच सांगा. तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही रीत पाळायची असेल तर शेजारणींपुरती पाळा, आरोग्य केंद्रापुरती नको. नाव नोंदवलं की तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईचं नोंदणी-कार्ड, मिळतं. सीमाभागात पहिलं बाळंतपण अनेकदा माहेरी, म्हणजे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे होतं. तिकडे पुन्हा नोंद करावी लागली तरी इथलं कार्ड टाकून देऊ नका. त्यावरचा नोंदणी क्रमांक, रक्तगट आणि पहिल्या तपासण्या तिकडच्या डॉक्टरांना लागतात. सगळ्या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या फोनवरही ठेवा.

फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पहिल्या दिवसापासून रोज, शक्य असेल तर दिवस जाण्याच्या आधीपासून. सरकारी केंद्रात ती फुकट मिळते. ती बाळाच्या पाठीच्या कण्यातला आणि मेंदूतला दोष टाळण्यासाठी असते. गर्भ पडणं ती थांबवत नाही, पण त्यामुळे तिचं महत्त्व कमी होत नाही. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून.

रक्ताच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस या गोष्टी झाल्या आहेत का ते बघा. काबूत नसलेली साखर, बिघडलेला थायरॉइड आणि सिफिलिस ही गर्भ गमावण्याची अशी कारणं आहेत की ज्यांवर उपचार आहेत. सिफिलिस शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून त्याच्या चाचणीचं नाव काढलं की काही बायकांना अपमान वाटतो. ही तपासणी सगळ्यांचीच होते आणि निघालं तर पेनिसिलीनने बरं होतं.

आधीपासून थायरॉइड, फिट, साखर किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका आणि तशीच पुढेही चालू ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या बदलाव्या लागतात, काहींचा डोस वाढवावा लागतो. अचानक आलेली फिट गोळीपेक्षा जास्त घातक असते.

तिसरी पायरी: सोनोग्राफी कधी करायची आणि तिच्यातून काय कळतं

पहिली सोनोग्राफी सात-आठ आठवड्यांना केलेली बरी. पाचव्या आठवड्यात धावत गेलं की नुसती पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, आणि पुढचे दोन आठवडे रडण्यात जातात. पोटात दुखत असेल, रक्त जात असेल किंवा आधी कधी गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल तर मात्र थांबायचं नाही, लगेच जायचं.

या दिवसांत योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसतं. तिने गर्भाला धक्का लागतो ही समजूत चुकीची आहे. संकोच वाटणं स्वाभाविक आहे. बाई डॉक्टर किंवा नर्स खोलीत असावी असं मागायला काहीच हरकत नाही.

अहवालात ‘ठोके नाहीत’ असं आलं तर एक प्रश्न विचारा: माप किती आहे? गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवीचं सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत गर्भच नसेल, तेव्हाच एका सोनोग्राफीवरून वाढ थांबल्याचं खात्रीने म्हणता येतं. माप त्याहून कमी असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं असतं. तुमची तब्येत ठीक असेल तर त्या दिवशीच पिशवी साफ करण्याची घाई कुणी करू नये. हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे.

बीटा एचसीजी या रक्ताच्या चाचणीचंही असंच. एकटा आकडा फार काही सांगत नाही. अठ्ठेचाळीस तासांनी दुसरा आकडा घेऊन तो किती वाढला हे पाहायचं असतं. मैत्रिणीचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करू नका.

पुढची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान आणि मग बाळाचे अवयव पाहणारी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही.

चौथी पायरी: खरोखर सोडायच्या गोष्टी

मिश्रीपासून सुरुवात करते, कारण आपल्या भागात हा विषय टाळला जातो. तव्यावर भाजलेली तंबाखू दातांना लावणं ही सवय वाटते, व्यसन वाटत नाही. पण तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. बिनधुराच्या तंबाखूने मूल कमी वजनाचं होण्याचा आणि पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. ‘मिश्री लावल्याशिवाय शौचाला होत नाही’ ही अडचण बायका सांगतात, आणि ती खरी असते. त्यावर सकाळी उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाजी आणि फळं, आणि तरीही त्रास असेल तर डॉक्टरांकडून गर्भारपणात चालणारं औषध. सुरुवातीचे काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, मग कमी होत जाईल. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट क्रमांक आहे. घरातल्या सगळ्या बायका मिश्री लावत असतील तर एकटीने सोडणं कठीण जातं. डबी निदान समोर तरी ठेवू नका, एवढं घरच्यांना मोकळेपणी सांगा.

निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे तंबाखू हे पोट आहे. मांडीवर सूप, समोर तंबाखू, दिवसभर तिची धूळ नाकात आणि बोटांवर. शक्य असेल तर दिवस गेल्याचं कळताच हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. शक्यच नसेल तर दाराजवळ, वाऱ्यात बसा, नाकातोंडाला कापड बांधा, जेवण्याआधी साबणाने हात धुवा, तंबाखूची पोती झोपायच्या खोलीत ठेवू नका. हा अर्धा उपाय आहे हे मला माहीत आहे, पण काम सोड म्हणून मोकळं होण्यापेक्षा बरा. आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर. दारू पूर्ण बंद, थोडीसुद्धा नाही.

शेतावर जायला हरकत नाही, फवारणीपासून मात्र लांब राहा. ऊस, भाजीपाला, द्राक्ष, काहीही असो, औषध मारताना शेतात थांबू नका, पंप धुऊ नका, फवारणीचे कपडे नवऱ्याने स्वतः धुवावेत. दिवसभर जड वजन उचलणं, म्हणजे पाण्याच्या घागरी, उसाच्या मोळ्या, पोती, शक्य तितकं कमी करा. एखादी बादली उचलली म्हणून गर्भ पडत नाही. रोज तासन्‌तास ओझी उचलणाऱ्या बायकांमध्ये धोका थोडा वाढलेला दिसतो, म्हणून ही काळजी.

गोठ्यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली तर ती जागा, ती वार, ते वासरू यांना गरोदर बाईने हात लावायचा नाही. जनावरं गाभडण्यामागे ब्रुसेला हा जंतू असू शकतो. तो माणसालाही होतो आणि बाईचा गर्भही पाडू शकतो. दूध नेहमी उकळून प्या. निरशा दुधाचा आग्रह कितीही प्रेमाने झाला तरी नाही म्हणा. मटण-चिकन नीट शिजलेलंच खा. अंग दुखत राहिलं, ताप येत-जात राहिला आणि घरी जनावरं असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ताप अंगावर काढू नका. पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. गाठी उतरवणारे, ‘पोट साफ करणारे’ काढेही नकोत. चहा दिवसाला दोन-तीन कप ठीक. कॉफी जास्त होत असेल तर दोन कपांवर आणा.

पाचवी पायरी: ज्यांची भीती सोडून द्यायची

पिकलेली पपई चालते. कच्च्या पपईचा चीक टाळा, तेवढंच. अननसाच्या दोन फोडी, संक्रांतीचा तिळगूळ, शेंगदाण्याची चटणी, यांनी गर्भ पडत नाही. जिना, घरकाम, चालणं, एसटीचा प्रवास, नवऱ्यामागे स्कूटरवर सावकाश बसून जाणं हे निरोगी गर्भारपणात चालतं. खानापूर-चोर्ला रस्त्यावर पाठ मोडते, गर्भ पडत नाही. रक्तस्राव नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर पती-पत्नी संबंधांनीही काही होत नाही. ग्रहणात तासन्‌तास उपाशी आणि न हलता बसून राहिल्याने बाळाचं काही भलं होत नाही. उलट्या होत असतील तर आईला चक्कर येते. संकष्टीचा किंवा सोमवारचा उपवास करायचाच असेल तर दूध, फळं, पाणी घेऊन करा, निर्जळी नको.

उलट्या अचानक थांबल्या म्हणून घाबरून रात्र जागवणाऱ्या खूप आहेत. उलट्या, छातीतला ठणका, झोप ही लक्षणं कमी-जास्त होतात आणि दहा-बारा आठवड्यांनंतर आपोआप ओसरतात. त्यावरून गर्भाची स्थिती ओळखता येत नाही.

सहावी पायरी: रक्त दिसलं तर

पहिल्या तीन महिन्यांत चारांतल्या एका बाईला थोडं तरी रक्त दिसतं. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचं गर्भारपण पुढे नीट चालतं. म्हणून रक्त दिसलं म्हणजे संपलं, असं नाही. पण त्याच्याकडे दुर्लक्षही नाही.

आधी बसा आणि बघा: तपकिरी डाग आहेत की लालभडक, गाठी आहेत का, किती वेळात पॅड भिजतंय. घरी कापड वापरत असाल तरी या वेळी पॅड लावा, म्हणजे किती गेलं ते डॉक्टरांना सांगता येईल. वेळ लिहून ठेवा.

खालीलपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. तासाला दोन पॅड भिजतायत आणि हे दोन तास चाललंय. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, सहन होत नाही इतकं दुखतंय. खांद्याच्या टोकाला दुखतंय. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. ताप किंवा घाण वासाचा स्राव. यातलं एका बाजूचं दुखणं, खांदा आणि चक्कर ही गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढत असल्याची खूण असू शकते. ते शंभरात एक-दोन जणींना होतं, बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास कळतं, आणि नळी फुटली तर जीव जातो. रक्त बाहेर थोडंच दिसत असतानाही हे होऊ शकतं. पहिल्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे असं दिसलेलं असेल तर ही एक मोठी चिंता जवळपास मिटते.

अशा वेळी १०८. सीमेलगतच्या गावात मोबाइल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो, म्हणून फोन लागताच पहिल्या वाक्यात राज्य, तालुका आणि गाव सांगा. रात्रीबेरात्री सोनोग्राफी आणि रक्त या दोन्हींची सोय असलेल्या ठिकाणीच जा. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडे जा. सीमा इथे आडवी येऊ देऊ नका. खानापूरच्या भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूरसारख्या गावांत पावसाळ्यात ओढे चढले की बाहेर पडणंच मुश्कील होतं. तिथल्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं: जून ते सप्टेंबरमध्ये पहिले तीन महिने येत असतील तर पहिली सोनोग्राफी होईपर्यंत आणि डाग दिसत असतील तेवढे दिवस खानापूर किंवा बेळगावात नातेवाइकांकडे राहा. नातेवाइकांना संकोच न करता कारण सांगा.

तपकिरी डाग थोडेच आहेत, दुखत नाही, चक्कर नाही, अशा वेळी रात्र घरी काढायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दाखवा. जाताना तायी कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू गोळ्या सोबत न्या. मांसाचा तुकडा पडला असेल तर स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. लाजू नका, त्यावरून बरंच कळतं.

रक्तगट निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर रक्तस्राव किंवा गर्भपातानंतर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे तुम्ही स्वतः विचारा. ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. हे राहून गेलं तर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो.

दवाखान्यात रात्री ड्यूटीवरच्या सिस्टरांना मराठी येईलच असं नाही. त्यासाठी ही चार कन्नड वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवा. ‘नानु गर्भिणी, एरडु तिंगळु आगिदे’ म्हणजे मी गरोदर आहे, दोन महिने झालेत. ‘रक्त होग्ता इदे’, रक्त जातंय. ‘होट्टे नोवु इदे’, पोटात दुखतंय. ‘तलेसुत्तु बर्ता इदे’, चक्कर येतेय. शक्यतो कन्नड येणारं कुणीतरी सोबत न्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध कधी, किती दिवस घ्यायचं ते मराठीत लिहून घ्या. सही करायला दिलेला कागद समजल्याशिवाय सही करू नका.

सातवी पायरी: विश्रांती, प्रोजेस्टेरॉन आणि ॲस्पिरिन

डाग दिसले की पलंगावरून उठायचं नाही, हा सल्ला अजूनही मिळतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने गर्भ टिकतो, असा पुरावा मिळालेला नाही. जास्त दिवस पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो. थकवा असेल तर आराम करा, ओझी उचलू नका, पण न्हाणीघरापर्यंतही न जाणं गरजेचं नाही. अर्थात सासरच्या कामाच्या रगाड्यातून सुटायला ‘डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय’ हे एकच कारण चालत असेल, तर मी त्या बाईला दोष देणार नाही.

प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक (हार्मोन), ते औषध म्हणूनही देतात. त्याबद्दल २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. चार हजारांहून अधिक गरोदर बायका, सगळ्यांना सुरुवातीला रक्तस्राव. सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते, त्यांच्यात मात्र औषध घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांना जिवंत मूल झालं. म्हणजे आधी गर्भ पडलेला असेल आणि आता रक्तस्राव होत असेल, तर प्रोजेस्टेरॉनबद्दल डॉक्टरांशी आवर्जून बोला. पहिलटकरीण असाल, रक्तस्राव नसेल, आणि तरी दर आठवड्याला इंजेक्शनं लिहून दिली जात असतील, तर कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ॲस्पिरिनचा घोळ होतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने भाग घेतलेला सहा देशांतला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिलटकरणींना सहाव्या ते तेराव्या आठवड्यात रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केली, तेव्हा वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाण घटलं. आपल्याच गावांतल्या बायकांमुळे जगाला हे कळलं, याचा मला अभिमान वाटतो. पण हा फायदा मुदतपूर्व प्रसूती टाळण्याचा आहे. दुकानातून गोळी आणून गर्भ टिकवण्याचा तो उपाय नाही. कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

आठवी पायरी: रोजच्या भीतीचं काय करायचं

दर वेळी बाथरूमला गेल्यावर कपडा तपासणं, रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधत बसणं, पुन्हा पुन्हा चाचणीची पट्टी करून रेघ फिकी झाली का बघणं. आधी एकदा गमावलेल्या बाईला तर सोनोग्राफीच्या खोलीत पाऊल टाकतानाच घाम फुटतो. यात वेडेपणा नाही. पण चाचणीची पट्टी फेकून द्या. रेघेच्या रंगावरून काहीच कळत नाही.

उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. प्रश्न मनात आला की वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला ती वहीच डॉक्टरांसमोर ठेवा. एका माणसाला सगळं सांगा. नवरा ऐकणारा असेल तर उत्तम, नाहीतर आई, बहीण, मैत्रीण, आशा ताई. आधी गमावलेलं असेल त्याच आठवड्याच्या आसपास एक जादा सोनोग्राफी मिळेल का ते विचारा; बरेच डॉक्टर देतात. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं गरम जेवण असतं. तिथे रोज चार बायकांत बसून जेवल्यानेही मन हलकं होतं. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथेही आपल्यासारख्या भेटतात.

झोप उडाली, भूक गेली, दिवसभर रडू येतंय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर टेली मानसच्या १४४१६ वर फोन करा. हा क्रमांक फुकट आहे आणि भाषा निवडता येते. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. नवऱ्यांसाठी एवढंच: ‘काही होत नाही, तू उगाच घाबरतेस’ हे वाक्य बोलू नका. तपासणीला सोबत जा.

नववी पायरी: आणि पडलंच तर

पहिल्या तिमाहीत तीन वाटा असतात. तब्येत स्थिर असेल तर आपोआप पडू देणं, गोळ्यांनी पाडणं, किंवा नळीच्या साहाय्याने शोषून पिशवी रिकामी करणं. जुन्या पद्धतीने खरवडून काढण्यापेक्षा शोषून काढणं जास्त सुरक्षित मानलं जातं. कुठली पद्धत वापरणार ते विचारा. नंतर ताप आला, घाण वास आला किंवा रक्त वाढलं तर परत जा.

कारखान्यात, दुकानात, शाळेत नोकरी करत असाल तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असाल तर त्याच्या नियमांनुसार ४२ दिवसांचा लाभ मिळतो. त्यासाठी दवाखान्याचा लेखी दाखला घ्या. हा हक्क माहीत नसल्यामुळे बायका चौथ्या दिवशी कामावर उभ्या राहतात.

एकदा पडलं म्हणजे पुढचंही पडेल असं नाही. बहुतेक जणींना पुढच्या वेळी मूल होतं. शरीर आणि मन तयार वाटलं, एक पाळी नीट आली, की पुन्हा प्रयत्न करायला साधारणपणे हरकत नसते. तुमच्या बाबतीत काही वेगळं कारण असेल तर डॉक्टर थांबायला सांगतील.

दोन किंवा जास्त वेळा गेलं असेल तर मात्र नशिबावर सोडू नका. तपासणी करून घ्या: थायरॉइड आणि साखर, गर्भाशयात पडदा आहे का ते पाहणारी सोनोग्राफी, रक्तात गुठळ्या करणारी अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आणि गरजेप्रमाणे दोघांचीही गुणसूत्रं. ती प्रतिपिंडं सापडली तर पुढच्या गर्भारपणात कमी डोसची ॲस्पिरिन आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि मूल होण्याची शक्यता चांगली वाढते. या तपासण्यांना नवऱ्याने सोबत यायचं असतं आणि त्याचंही रक्त द्यायचं असतं. मागच्या प्रत्येक वेळचे सोनोग्राफीचे कागद, किती आठवड्यांना गेलं, ठोके दिसले होते का, हे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या.